उपग्रहात आमचा माळ हिरवा होत चाललाय, मेंढपाळ म्हणतायत चारा संपला. खरं कोणाचं?

माळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणारे, चहा घेऊन बसा.

गाव आमचं सुप्याच्या पुढं, बारामती तालुक्यात, मयूरेश्वर अभयारण्यापासून फार लांब नाही. गावाला लागून मोठा माळ आहे, थोडा वनखात्याचा, थोडं गायरान, थोडा खासगी पण कोणी कसत नाही असा. माझी नोकरी पुण्यात, हिशेबाची, जंगलाशी काही घेणंदेणं नाही, पण लॉकडाऊनमध्ये गूगल अर्थ इंजिन शिकलो आणि तेव्हापासून जो नाद लागलाय तो सुटत नाही. युरोपवाल्यांच्या सेंटिनल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचा नवा फोटो, आणि पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे हिशेब केला तर एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा. आपल्या लोकांना याच्याहून सोपं माप कुठलं मिळणार.

तर मी माळाची हद्द आखली आणि डिसेंबर २०१८ पासून पुढचा सगळा एनडीव्हीआय काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं कारण हरितद्रव्याला तो लागतो, आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल, झाला एनडीव्हीआय. उत्तर उणे एक ते एकच्या मध्ये येतं. पाणी बहुतेक शून्याच्या खाली, उघडी जमीन किंवा वाळलेलं गवत ०.१ ते ०.२५ च्या आसपास, भरगच्च हिरवं असेल तर ०.७-०.८.

निकाल असा की माळाची रेघ वर चाललीय. झपकन नाही, पण चढतीच. गावच्या ग्रुपवर टाकायच्या आधी दिवाळीत वाड्यावरच्या (म्हणजे मेंढपाळांच्या वस्तीवरच्या) तात्यांना मोबाइलवर नकाशा दाखवला. तात्यांची हयात मेंढरांमागं गेलीय. त्यांनी बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "हिरवं आसंल बाबा, पण पूर्वी चांगल्या पावसाच्या साली ह्या माळावर संक्रांत निघायची, आता दिवाळीलाच कोकणाची वाट धराय लागतीय."

आता सांगा गोम कुठंय. उपग्रहाला तात्यांशी वैर नाही, आणि तात्यांना काय पेपर छापायचा नाहीये.

पिक्सेलपंत

चांगला विषय काढलात. देहरादूनला आयआयआरएसमध्ये (उपग्रहाचे फोटो वाचायला शिकवणारी इस्रोची संस्था) कोर्स केलाय आणि पोटासाठी हेच काम करतो, म्हणून आधी कंटाळवाणे प्रश्न विचारतो, राग मानू नका.

अर्थ इंजिनमध्ये सेंटिनलचं हार्मोनाइज्ड कलेक्शन (जुने-नवे आकडे एका मापात आणलेला संच) घेतलंय ना? जानेवारी २०२२ मध्ये युरोपियन एजन्सीने प्रोसेसिंग बदललं आणि प्रत्येक बँडच्या (म्हणजे लाल, अवरक्त अशा प्रकाशाच्या पट्ट्याच्या) आकड्यात १००० ची भर पडायला लागली. ती वजा केली नाही तर त्यानंतरचा एनडीव्हीआय उगाच खाली दिसतो, आणि लोक "२०२२ नंतर जंगल घटलं" म्हणून बोंबलत सुटतात. तुमची रेघ वर गेलीय म्हणजे हे कारण नसणार, पण खात्री करून घ्या.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुरुवातीचं वर्ष. वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला लेव्हल टू-ए डेटा जगभर नियमित मिळायला लागला डिसेंबर २०१८ पासून, म्हणून तुम्ही (आणि तुमच्यासारखे हजारो लोक) तिथूनच सुरू करता. आता २०१८ चा पावसाळा आठवा. ऑक्टोबरमध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. तळाला गेलेल्या वर्षापासून रेघ ओढली तर ती वरच जाणार, नाहीतर जाईल कुठं! त्यामुळे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा डेटा जोडा. पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा, पण लँडसॅट-५ पासून १९८० च्या दशकातला डेटा पडलाय आणि २००८ पासून सगळा फुकट आहे. फक्त लँडसॅट-७ चे मे २००३ नंतरचे फोटो घेताना काळजी घ्या, त्याचा एक आरसा बिघडल्यामुळे फोटोत पट्टे आहेत.

आणि त्याच्याशेजारी पावसाचा आकडा ठेवा. गवत म्हणजे पावसाची पावती, त्या वर्षीचा पाऊस बाजूला काढल्याशिवाय माळ सुधारला की बिघडला हे कळत नाही.

शेवटचं, वर्षाची एकच सरासरी काढलीय का? तसं असेल तर महिन्यावार काढून परत टाका. मला शंका आहे, पण आधी आलेख बघू.

चहाटळ

अडाणी प्रश्न. मोबाइलवर गूगल मॅपचा सॅटेलाइट व्ह्यू लावला की दिसतं ते लाइव्ह असतं ना? मग आमच्या शेजाऱ्याची २०२३ ला विकलेली स्कॉर्पिओ अजून त्याच्या दारात कशी उभी?

पिक्सेलपंत

@चहाटळ, लाइव्ह नसतं. वेगवेगळ्या तारखांचे फोटो जोडून केलेली गोधडी असते ती, कधी कधी कित्येक वर्षं जुनी. ताजं बघायचं तर कोपर्निकस ब्राउझर उघडा, तिथं गेल्या आठवड्याचा फोटो मिळेल, पण स्कॉर्पिओ दिसणार नाही, एका गुंठ्याचा एकच रंग येतो.

वाड्यावरचा पोरगा

तात्या बरोबर सांगत्यात. आमचा वाडा पण त्याच पट्ट्यात, वडील अजून मेंढरं राखतात, मी एमआयडीसीत.

बाहेरच्या माणसाला माळ म्हणजे एकच पिवळं दिसतं पण आमच्याकडं गवताला नाव असतं. मारवेल असलं तर मेंढरू मान वर करत नाही, शेडा-पवन्या पण चालतो, डोंगरी चालतं, आणि कुसळ कोवळं असेपर्यंत ठीक, एकदा बी धरलं की ते लोकरीत आणि कातडीत घुसतं, मग जनावर हैराण. चांगल्या माळावर आधी मारवेल-पवन्या संपतं आणि कुसळ उरतं, हे चराईमुळं पण होतं, आमचा पण त्यात वाटा आहे, नाकारत नाही कोण. पण गेल्या काही वर्षांत जे झालंय ते वेगळं आहे. माळावर जेसीबी आणून आडवे चर मारले, चरांच्या बांधावर गिरीपुष्प लावलं. आता चरात पाणी मुरतं म्हणून चार झाडं जगली, पण जेसीबीनं जी माती उलटी केली तिथलं गवताचं ठोंब मेलं ते मेलंच, तिथं आता टाकळा आणि गाजरगवत येतं. गिरीपुष्पाचा पाला शेळी एखादवेळी कोमेजल्यावर खाईल, मेंढरू तोंड लावत नाही. आणि रानात जरा झाडी वाढली की लांडगा कुठनं येतोय ते दिसत नाही ते वेगळंच.

म्हणजे हिरवं वाढलं आणि चारा कमी झाला, दोन्ही खरं.

माळावरचा (धागाकर्ता)

@पिक्सेलपंत, कलेक्शन हार्मोनाइज्डच होतं. ढगांचा मास्क लावून (ढगाखालचे पिक्सेल वगळून) महिन्यावार काढलं आणि माळाचे दोन तुकडे केले, ओढ्याच्या पश्चिमेचा आणि पूर्वेचा. आता मजा बघा.

पूर्वेचा तुकडा: जुलैत चढायला लागतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला शेंडा गाठतो, डिसेंबरपासून उतरतो, आणि मार्च ते मे अगदी तळाला चिकटून बसतो. २०१९ असो की २०२४, उन्हाळ्यातला तळ तोच. पावसाळी शेंडा मात्र पावसाप्रमाणं कमीजास्त, २०२३ ला तर पार दबलेला.

पश्चिमेचा तुकडा: पावसाळी शेंडा पूर्वेसारखाच. जानेवारी-फेब्रुवारीत हा पण खाली येतो. पण एप्रिल-मेमध्ये परत उचलतो! पाऊस नाही, पाणी नाही, आणि रेघ वर. आणि हा मेमधला उंचवटा दरवर्षी थोडा थोडा वाढत गेलाय. माझी वर्षाची सरासरी ह्यामुळंच वर चालली होती.

चर पण सापडले. सेंटिनलवर कळत नाहीत, पण गूगल अर्थवर उन्हाळ्यातला जुना फोटो लावला की पश्चिमेच्या उतारावर समांतर रेघाच रेघा.

पिक्सेलपंत

हीच शंका होती. मेमध्ये दख्खनच्या माळावर गवत हिरवं असूच शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात जे चमकतं ते झाड नाहीतर झुडूप. आणि तुमचा आकार तर गिरीपुष्पाशी जुळतोय: थंडी सरता सरता ते पानं झाडतं, बिनपानांच्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात, आणि पाऊस यायच्या आत नवी पालवी फुटते. म्हणून तुमची रेघ फेब्रुवारीत बसते आणि मेमध्ये उठते. वेडी बाभूळ असती तर उन्हाळाभर रेघ जवळजवळ सपाट राहिली असती कारण तिची मुळं खोल आणि पानं टिकून.

म्हणजे एकाच दिवसाच्या फोटोपेक्षा वर्षभराची चाल जास्त सांगते. आमच्या धंद्यात याला फेनॉलॉजी म्हणतात. ऑक्टोबरचा एकच फोटो घेतला असता तर तुमचे दोन्ही तुकडे जुळे भाऊ दिसले असते.

अजून एक. पिक्सेल म्हणजे मिसळ असते, त्या एका गुंठ्यात गवत, खडक, चराची माती, दोन झाडं सगळं एकत्र येऊन एकच आकडा मिळतो. त्यात आपली जमीन कुठं काळी, कुठं मुरमाड, तिचा स्वतःचा रंग आकड्यात उतरतो. विरळ झाडोऱ्यासाठी म्हणून मातीची दुरुस्ती असलेला एसएव्हीआय निघाला, तो पण काढून बघा.

सकारात्मक विचार

मला कळत नाही एवढा गहजब कशाला. उजाड माळावर झाडं जगली, उपग्रहानं पण दाखवलं, यात वाईट काय आहे? सगळीकडे झाडं तोडतायत म्हणून ओरडायचं आणि कोणी लावली की तरी ओरडायचं. महाराष्ट्रात २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातली काही तरी जगली म्हणायची.

तणमोर

@सकारात्मक, कळकळ पोचली, पण "उजाड" कोण म्हणालं? तोच तर घोळ आहे.

दख्खनचा माळ हा मेलेलं जंगल नाही. कमी पाऊस, उथळ मुरूम, लांब उन्हाळा, इथं गवतच राज्य करणार आणि ते खूप जुनं आहे. त्याच्यावर जगणारे प्राणी बघा: लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल, आणि कधीकाळी माळढोक. सोलापूरचं नान्नज माळढोकासाठी प्रसिद्ध होतं, आता तिथं पक्षी दिसणं दुर्मीळ. माळढोकाला उघडं रान लागतं, लांबवर नजर जावी लागते, त्याला झाडी नको असते. वरती वाड्यावरच्या पोरानं लांडग्याबद्दल जे लिहिलं ते मेंढपाळाच्या बाजूनं आहे, पक्ष्याच्या बाजूनंही तेच.

आता यात उपग्रहाचा दोष किती आणि आपला किती? देशाचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास उपग्रहाच्या फोटोंवरूनच तयार होतो आणि त्यात झुडपी रानं आणि गायरानं "पडीक" या सदरात जातात. फोटो बिचारा एवढंच सांगतो की इथं वर्षातले सात-आठ महिने हिरवं नाही. त्याला पडीक हे लेबल माणसानं चिकटवलं. आणि एकदा कागदावर पडीक झालं की मग तिथं वृक्षारोपण करा, सोलर लावा, एमआयडीसी काढा, कोणी विचारत नाही.

उलट काम पण झालंय. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी २०२२ मध्ये उपग्रहाच्याच डेटावरून देशातल्या निमशुष्क भागातल्या अशा खुल्या परिसंस्थांचा नकाशा केला, तर त्या देशाच्या जमिनीच्या साधारण १० टक्के भरल्या. हत्यार तेच, फक्त प्रश्न बरोबर विचारला.

कार्बनचं म्हणाल तर गवताळ माळाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो. तो उपग्रहाला थेट दिसत नाही, आणि जेसीबीनं चर मारला की पहिल्यांदा तोच हलतो.

काजूवाला सिंधुदुर्ग

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो पण आता राहवत नाही. आमच्याकडची गंमत ऐका.

भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं, पहिला १९८७ चा. त्यात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टरपेक्षा मोठी कुठलीही जमीन जिच्यावर झाडांची छत्री १० टक्के किंवा जास्त आहे. जमीन कोणाची, झाड कसलं, काही बघायचं नाही. म्हणजे माझी अडीच एकराच्या वरची काजूची बाग पण वनाच्छादनात. हापूसची कलमं पण. दोडामार्गाकडे डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलंय, ते पण. जुनं रान तोडल्यावर मधली एक-दोन वर्षं कदाचित नकाशावर खड्डा दिसेल, रबर वाढलं की खड्डा भरला, हिशेब जुळला, सगळे खूश.

२०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसोळा टक्के होतं. आता यात देवराई किती, रबर किती, आमची कलमं किती, हे त्या एका आकड्यावरून सांगा बघू.

अहवाल खोटा आहे असं म्हणत नाही, ते व्याख्या उघड छापतात. पेपरवाले "जंगल वाढलं" असा मथळा देतात तिथं वाट लागते.

आणि आमचे सडे! जांभ्या दगडाची पठारं, पावसाळ्यात फुलांचा गालिचा, बाकी वर्षभर काळा कातळ. तुमच्या माळासारखंच, फोटोत ते पण भकास. त्यात गंमत अशी की सडा जेव्हा जिवंत असतो तेव्हा जून ते सप्टेंबर वर ढगच ढग, फोटो घेणार कधी? उघडीप होईपर्यंत फुलं संपलेली असतात.

माळावरचा (धागाकर्ता)

@काजूवाला, ढगांचा त्रास इकडं पण आहे पण तुमच्याइतका नाही. रडार वापरून बघितलंय का कोणी? सेंटिनल-१ म्हणे ढगातून बघतो.

पिक्सेलपंत

बघतो, रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं, त्याला ना ऊन लागतं ना ढग आडवे येतात. पण ते रंग बघत नाही, खडबडीतपणा आणि ओलावा बघतं. सेंटिनल-१ ची लहर साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, ती वरच्या पानांवर-काड्यांवरच अडकते. भाताची लावणी, पूर, यासाठी फर्स्टक्लास. सड्यावरची फुलं मात्र नाही सांगणार ते, शिवाय कातळ ओला झाला की सिग्नल बदलतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी उगवलं.

निसार मात्र वेगळं प्रकरण आहे. इस्रो आणि नासाचा, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यात एल बँडचं रडार आहे, लहर २४ सेंटीमीटरची, ती पानांतून आत जाऊन फांद्या आणि खोडांवर आदळते. दर १२ दिवसांनी तीच जागा. झाडोऱ्याचं वजन काढायला चांगलं. तुमच्या माळावर गवत आणि गिरीपुष्प वेगळं करायला पण उपयोगी पडावं, कारण गवत त्या लहरीच्या मानानं फारच बारीक.

गडचिरोलीचा भाऊ

तुमचं माळाचं चालू द्या, पण हे फोटो कागदावर आले की माणसाचं काय होते ते बी सांगतो.

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, त्याच्या आधीपासून जमीन ताब्यात पाहिजे. लोकांनी दावे टाकले, कितीतरी ठिकाणी अर्धा-एक एकराचे तुकडे. मग काही ठिकाणी साहेब लोकांनी उपग्रहाचा नकाशा काढला आणि म्हणाले, तेव्हा इथं शेती दिसत नाही, जंगल दिसते, दावा नामंजूर. आता वरती पिक्सेलचा हिशेब वाचला म्हणून विचारतो, त्या काळातला आपल्या उपग्रहावरचा लिस-३ कॅमेरा साडेतेवीस मीटरचा ना? म्हणजे एक पिक्सेल साडेपाच गुंठे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, चार पिक्सेल पण पुरे होत नाही, आणि आमच्याकडं वावरात मोहाचं झाड कोणी तोडत नाही. मोहाच्या सावलीतलं वावर वरून जंगलच दिसन.

२०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहून आहे की उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्याला जोड म्हणून चालन, त्याच्या बदल्यात नाही. पण नियम वाचते कोण.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल भाऊ विरोधातच आहे. आगीचं काम चांगलं होऊन राहिलं. फेब्रुवारी ते मे, मोहफूल आणि तेंदूच्या सीझनमध्ये वणवे लागतात. व्हीआयआयआरएस नावाचं यंत्र आहे, ३७५ मीटरच्या पिक्सेलमध्ये गरम ठिपका पकडते, वन सर्वेक्षणाकडून मेसेज सुटते. ग्रामसभेच्या पोरांनी पण नंबर नोंदवले. फक्त तो उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जाते. दुपारी चारला लागलेली गवताची आग सात वाजता विझली तर ती त्याच्यासाठी लागलीच नाही.

पिक्सेलपंत

@भाऊ, हिशेब अगदी बरोबर. आणि चार पिक्सेल हे पण तुकडा चौकोनी आणि पिक्सेलच्या रेषेत नेमका बसला तर. प्रत्यक्षात कडेचे सगळे पिक्सेल भेसळीचे असतात, म्हणजे अर्ध्या एकराला शुद्ध असा एखादाच पिक्सेल मिळतो.

तुमच्याकडच्या पानगळीच्या जंगलाचा अजून एक प्रकार असतो. नोव्हेंबरचा फोटो आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवून "जंगल तोडलं" अशा पोस्टी दर उन्हाळ्यात फिरतात. साग पानं झाडतो हो! तुलना करायची तर महिना तोच धरा.

ऊस आणि मी

सोलापूरकर. धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझं दोन पैशांचं.

२०१९ मध्ये मोडिसच्या (नासाच्या उपग्रहांवरचा कॅमेरा) २००० ते २०१७ च्या डेटावर एक अभ्यास आला होता, चीन आणि भारत जगाला हिरवं करतायत म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानानं फिरला, तुम्हाला पण आला असेल. आत वाचलं तर भारतातल्या त्या हिरवाईत ८२ टक्के वाटा शेतीचा, आणि जंगलाचा साडेचार टक्क्यांच्या आत. म्हणजे बोअर मारून आणि कालवे काढून वर्षातून दुसरं-तिसरं पीक घेतलं ते वरून हिरवं दिसलं. मोडिसचा बारीकात बारीक पिक्सेल म्हणजे २५० मीटर, पंधरा एकराचा, त्यात आमचा ऊस अगदी झकास बसतो.

उजनीच्या कडेनं जा, सगळं हिरवंगार. नोव्हेंबरात उसाचा एनडीव्हीआय आणि कोयनेच्या जंगलाचा एनडीव्हीआय साधारण एकाच पातळीवर, कारण एका मर्यादेनंतर पानांचे थर कितीही वाढले तरी हा आकडा पुढं सरकतच नाही. आमच्या शिवारात पूर्वी माळ होता तिथं आता लिफ्टचं पाणी आणि ऊस. उपग्रहाला विचाराल तर तो सुधारणा म्हणेल, भूजलाला विचारा.

(ऊस मी पण लावतो, शिव्या द्यायच्या तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.)

सकारात्मक विचार

बरं मग तुमच्या मते माळ चांगला आहे की नाही हे मोजायचंच नाही का? उपग्रह नको, सरकारी आकडा नको, मेंढपाळांच्या आठवणीवर धोरण ठरवायचं?

तणमोर

मोजायचं, नक्की मोजायचं, पण काय मोजतोय ते ठरवून. माळासाठी मी तरी तीन गोष्टी बघीन. उन्हाळ्याचा तळ वर सरकतोय का, म्हणजे झाडोरा घुसतोय. त्या वर्षीच्या पावसाच्या मानानं गवताचा शेंडा येतो का, म्हणजे माळात दम आहे की नाही. आणि गवत वाळण्याची तारीख, ऑक्टोबरातच पिवळं पडतं की डिसेंबरपर्यंत ओल धरतं. बारमाही आणि हंगामी गवतांत तिथं फरक पडतो, एका पावसात उगवून जाणारं गवत लवकर संपतं.

आणि खाली उतरून बघायचं. त्याला पर्याय नाही.

माळावरचा (धागाकर्ता)

हेच विचारणार होतो. खाली उतरून म्हणजे नक्की काय करायचं? मी आणि कॉलेजची चार पोरं तयार आहोत.

पिक्सेलपंत

फार सोपं आहे. मोबाइलच्या जीपीएसला चार-पाच मीटरची चूक असते आणि पिक्सेल दहा मीटरचा, त्यामुळे एकट्या पिक्सेलमागं धावू नका. नकाशावर तीन बाय तीन पिक्सेलचे, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांचे एकसारखे दिसणारे तुकडे निवडा आणि त्याच्या मध्यात उभे राहा. मध्यापासून चारी दिशांना एकेक फोटो, दरवेळी त्याच जागेवरून. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका, त्यातलं गवत जमिनीलगत कापून वाळवून तोला, आणि कुठलं गवत किती ते लिहा. ऑक्टोबरअखेर हे केलं की चाऱ्याचा अंदाज येतो. मेमध्ये परत जा आणि फक्त हिरवं काय आहे ते नोंदवा.

पश्चिमेचे तुकडे आणि पूर्वेचे तुकडे सारख्याच संख्येनं घ्या. चांगला माळ कसा दिसतो याचं माप पाहिजे असेल तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक चक्कर मारा, तिथला गवताळ पट्टा बघण्यासारखा आहे.

वाड्यावरचा पोरगा

गवताची नावं लिहायला तात्यांना घेऊन जा बरोबर, पुस्तकात बघून मारवेल ओळखू येणार नाही तुम्हाला, वाळल्यावर तर नाहीच. आणि चौकटीतलं गवत कापाल तेव्हा ज्याच्या पट्ट्यात कापताय त्याला आधी सांगा. गायरान असलं तरी कोण कुठं चारतो ते ठरलेलं असतंय, फुकटची भांडणं होतील.

चहाटळ

धाग्यावर आलो स्कॉर्पिओ शोधायला आणि आता मला मेमध्ये माळावर जायचंय. पश्चिम तुकड्याचं काम मला द्या, गिरीपुष्प ओळखता येतं.

काजूवाला सिंधुदुर्ग

धागाकर्ते, कोड इथं टाकाल का? हद्द बदलून सड्यावर चालवून बघतो. ढग नसलेला ऑक्टोबर मिळाला तर.

माळावरचा (धागाकर्ता)

@काजूवाला, टाकतो दोन-तीन दिवसांत, जरा कॉमेंट मराठीत लिहून साफ करतो. नकाशा आणि गटनंबरासकट सगळंच देतो म्हणजे ज्याला यायचं त्याला थेट पोचता येईल.

तणमोर

कोड द्या, आलेख द्या, पण गटनंबर आणि नेमके बिंदू जाहीर टाकू नका प्लीज. त्या पट्ट्यात लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात बिळात असतात, आणि ड्रोन घेऊन पोचणारे फोटोग्राफर हल्ली धागे वाचून जागा शोधतात. ज्याला यायचंय त्याला व्यनितून द्या.

वाड्यावरचा पोरगा

+१. आणि पोळ्यानंतर या, त्याच्या आधी माळावर चिखल असतोय, गाड्या रुततात.